गाठ परत येईल का?

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया पार पडली की रुग्ण आणि घरचे लोक एकच प्रश्न विचारतात: हे परत तर येणार नाही ना? डॉक्टर त्याचे उत्तर शोधतात ते पॅथॉलॉजीच्या अहवालात. गाठ किती सेंटिमीटरची होती, ती आत किती खोल गेली होती, कापलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का, मानेतल्या किती लसिका ग्रंथींमध्ये रोग पोचला होता आणि ग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर पडला होता का. २०१८ पासून वापरात असलेल्या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीत खोलीला वेगळे महत्त्व दिले आहे. पाच मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर या दोन रेषा ओलांडल्या की रोगाचा टप्पा बदलतो. ही मोजमापे वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आली आहेत आणि त्यांच्यावर विसंबूनच आज उपचार ठरतात. तरीही एकाच टप्प्याचे, एकाच वयाचे, सारखीच शस्त्रक्रिया झालेले दोन रुग्ण घेतले, तर एकजण दहा वर्षे ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याच्या मानेत आठ महिन्यांत गाठ दिसते. हा फरक नशिबावर सोडून द्यावा असे मला वाटत नाही. वरची सगळी मोजमापे गाठीची आहेत. ज्या शरीरात ती वाढली त्याने तिला कसा प्रतिसाद दिला, हे त्यांत कुठेच नोंदलेले नसते. तो प्रतिसाद रोगप्रतिकारक पेशींच्या संदेशवाहक प्रथिनांमध्ये उमटतो. ही प्रथिने रोगाच्या पुढच्या वाटचालीबद्दल खरोखर काही सांगतात. मात्र त्यांचे म्हणणे रक्तातल्या एका आकड्यात सापडत नाही. ते गाठीच्या जागी जाऊन, एका ठरावीक निर्णयासाठी वाचावे लागते.

हा प्रश्न आपल्याकडे फार मोठा आहे. २०२२ च्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार जगात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे १ लाख ४३ हजार एकट्या भारतात. त्याच वर्षी या रोगाने भारतात सुमारे ८० हजार माणसे गेली. पाश्चात्त्य देशांत हा रोग जिभेवर आणि जिभेखाली जास्त आढळतो, तर आपल्याकडे गालाच्या आत आणि हिरडीलगत. कारण उघड आहे: तंबाखूचा बार तिथेच धरला जातो. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातला मावा, बायकांची मिश्री, गुटख्याची पुडी, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असली तरी गालातली तीच जागा रोज, तासन्‌तास आणि वर्षानुवर्षे भाजली जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते, आणि गुटख्यावरची राज्यातली बंदी तर २०१२ पासूनची. सुपारीमुळे गालाची त्वचा आतून ताठ होत जाते, तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. त्या ताठरपणामागेही टीजीएफ-बीटा नावाचे एक संदेशवाहक प्रथिन असते. ते तंतुपेशींना सतत कोलॅजन बनवायला लावते. म्हणजे गाठ दिसण्याच्या कितीतरी आधीपासून त्या जागी या प्रथिनांची वर्दळ सुरू असते. कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते, आणि १९८६ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला न भरणारी जखम म्हटले. गाल-हिरडीच्या कर्करोगाला हे वर्णन अक्षरशः लागू पडते.

या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. पेशी ती थोड्याशा प्रमाणात बाहेर सोडते, शेजारच्या पेशीवरच्या ठरावीक ग्राहकाला ती चिकटतात आणि त्या पेशीचे वागणे बदलते. काही सायटोकाइन पेशींना बोलावून घेतात. इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिल पेशींना ओढून आणते आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करते. काही शांत करतात. इंटरल्युकिन-१० हे त्यातले. काही लढाईला उभे करतात, जसे इंटरफेरॉन-गॅमा. सगळ्यांत जास्त अभ्यास झाला आहे तो इंटरल्युकिन-६ चा. ओसाकात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचे जनुक वेगळे केले. आपल्या घराघरांत हे नाव पोचले कोविडच्या काळात, जेव्हा दाखल रुग्णांच्या रक्तात ते तपासले जाई आणि त्याला रोखणाऱ्या टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी लोक वणवण फिरत. कोविडमध्ये ते काही दिवसांत उसळत असे. कर्करोगात मात्र त्याचे प्रमाण कमी असते, पण ते सतत चालू राहते. कर्करोगाच्या पेशी स्वतः ते बनवतात, गाठीतल्या तंतुपेशी आणि मॅक्रोफेज पेशीही बनवतात. ते पेशीवर बसले की आत स्टॅट-३ हे प्रथिन जागे होते, केंद्रकात जाते आणि वाढीची व मरण टाळण्याची जनुके चालू करते. त्या जनुकांमध्ये इंटरल्युकिन-६ चे जनुकही असू शकते, त्यामुळे हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. तेच प्रथिन रक्तातून यकृतात पोचून सीआरपी वाढवते, भूक मंदावते आणि स्नायू झिजवते. तोंड उघडत नाही म्हणून आधीच नीट जेवू न शकणारा रुग्ण त्यामुळे आणखी वाळत जातो. एकच प्रथिन गाठीलाही बळ देते आणि रुग्णालाही कमजोर करते. म्हणूनच रोग पुढे कसा जाईल याचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडेल, अशी अपेक्षा वाजवी ठरते.

ही अपेक्षा केवळ तर्कावर उभी नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेत इंटरल्युकिन-८ आणि रक्तात इंटरल्युकिन-६ निरोगी लोकांपेक्षा जास्त असल्याचे दाखवले. पण तो प्रश्न निदानाचा होता. पुढचा प्रश्न २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने हाती घेतला. डोके-मानेच्या कर्करोगाच्या ४४४ रुग्णांचे रक्त त्यांनी उपचार सुरू होण्याआधीच घेऊन ठेवले आणि पुढे कोणाचा रोग उलटला, कोण दगावले याचा पाठपुरावा केला. ज्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ जास्त होते त्यांचा रोग जास्त वेळा उलटला आणि त्यांचे आयुष्यही कमी निघाले. वय, धूम्रपान, रोगाचा टप्पा, सोबतचे आजार हे सगळे हिशेबात धरल्यावरही हे नाते टिकले.

त्यावर पहिला आक्षेप लगेच येतो: गाठ मोठी म्हणून प्रथिन जास्त, आणि गाठ मोठी म्हणूनच रोग वाईट, मग प्रथिनाने नवीन काय सांगितले? आक्षेप बरोबर जागी बोट ठेवतो, आणि पुष्कळ छोट्या अभ्यासांना तो लागूही पडतो, कारण त्यांत टप्प्याचा हिशेब नीट धरलेलाच नसतो. पण जिथे टप्पा धरूनही फरक उरतो तिथे उरलेला भाग आकाराचा नसतो, स्वभावाचा असतो. दुसरा आक्षेप आपल्या रुग्णांच्या बाबतीत जास्त टोकदार आहे. तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या सहसा सुजलेल्या असतात, दातांच्या मुळाशी पू असतो, आणि हिरडीच्या रोगातही लाळेतले इंटरल्युकिन-६ व ८ वाढते. मग वाढलेला आकडा कर्करोगाचा की पायोरियाचा? निदानासाठी ही अडचण जवळजवळ जीवघेणी आहे. म्हणूनच लाळेच्या एका थेंबावरून कर्करोग ओळखण्याच्या घोषणांकडे मी फार आशेने पाहत नाही. पुढच्या वाटचालीच्या अंदाजाला मात्र ही अडचण तितकी घातक नाही. इथे कर्करोग आहे हे बायोप्सीने आधीच ठरलेले असते. प्रश्न एवढाच की या माणसाच्या शरीरातली जळजळ किती आहे आणि तिचा रोगाशी काय संबंध. शिवाय वेळ हाताशी असतो: शस्त्रक्रियेआधी एकदा, जखम भरल्यावर पुन्हा आणि काही महिन्यांनी आणखी एकदा मोजता येते. गाठ गेली, दात काढले, तरी आकडा खाली यायलाच तयार नसेल तर त्याचा अर्थ पहिल्या एकट्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचा ठरतो.

एवढे असूनही आज कोणत्याही मान्य मार्गदर्शक तत्त्वांत तोंडाच्या कर्करोगासाठी इंटरल्युकिन-६ मोजा असे लिहिलेले नाही, आणि ते न लिहिणे बरोबरच आहे. अडचण प्रथिनात कमी आणि आपण ते मोजतो त्या पद्धतीत जास्त आहे. रक्ताची नळी टेबलावर तासभर तशीच राहिली की त्यातल्या पेशी प्रथिने सोडत राहतात आणि आकडा सरकतो. सकाळचे आणि संध्याकाळचे इंटरल्युकिन-६ सारखे नसते. एका कंपनीच्या किटचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या किटशी जुळत नाही, आणि मोजायचे असते मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम. त्यात संख्याशास्त्राचा सापळा आहे. आजकाल एका नमुन्यात तीस-तीस सायटोकाइन एकदम मोजता येतात. त्यांतल्या एकाचाही रोगाशी काडीचा संबंध नाही असे धरले, आणि शंभरात पाच चुका चालतील ही नेहमीची मर्यादा लावली, तरी तिसांपैकी किमान एक तरी निव्वळ योगायोगाने महत्त्वाचे दिसण्याची शक्यता ७८ टक्क्यांच्या आसपास जाते. वर, जास्त आणि कमी यांच्यातली रेषा कुठे आखायची हे हातातले आकडे पाहूनच ठरवले, तर उत्तर आणखी देखणे दिसते आणि पुढच्या गटात कोसळते. अशा अभ्यासांनी काय काय सांगितलेच पाहिजे याची रिमार्क नावाची यादी २००५ पासून उपलब्ध आहे, पण ती पाळली जाते तितकी नेमाने नाही. आणखी एक गोंधळ नीट समजून घ्यायला हवा. पाश्चात्त्य अभ्यासांत डोके-मान या एका नावाखाली तोंड, स्वरयंत्र आणि टॉन्सिलचा भाग एकत्र येतात. टॉन्सिल व जिभेच्या मुळाचा, एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कर्करोग उपचारांना चांगला दबतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी ८२ टक्के तीन वर्षांनी हयात होते, तर विषाणू नसलेल्यांपैकी ५७ टक्के. रोगप्रतिकारशक्तीचे चित्रही त्या दोन रोगांत वेगळे असते. दोन्ही एका टोपलीत टाकून काढलेला निष्कर्ष नागपूरच्या खर्रा खाणाऱ्या रुग्णाला जसाच्या तसा लावणे म्हणजे त्याच्या रोगाची चौकशीच न करणे.

याहून खोल अडचण अर्थाची आहे, आणि ती समजायला पीडी-एल-१ या प्रथिनाकडे पाहावे. टी-पेशी या लढाऊ रोगप्रतिकारक पेशी गाठीत घुसल्या की इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. ते लागताच कर्करोगाच्या पेशी पृष्ठभागावर पीडी-एल-१ आणतात. ते टी-पेशीवरच्या पीडी-१ ला जाऊन बसते आणि हल्ला थंडावतो. पीडी-१ चा शोध तासुकु होन्जो यांच्या गटाने १९९२ मध्ये जाहीर केला. त्याच वाटेने पुढे जे औषध आले त्याबद्दल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासह २०१८ चे नोबेल मिळाले. आता पीडी-एल-१ जास्त दिसले तर काय समजायचे? शरीराने हल्ला केला होता हा त्याचा एक अर्थ, आणि गाठीने तो परतवला हा दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. म्हणून तोंडाच्या कर्करोगात या एका प्रथिनावरून आयुष्याचा अंदाज बांधणाऱ्या अभ्यासांचे निकाल दोन्ही दिशांना जातात. उत्तर काचेवर मिळते. पॅथॉलॉजिस्ट गाठीचा पातळ काप घेऊन त्यावर रंग चढवतो, पीडी-एल-१ असेल तिथे तपकिरी कडा उमटते. मग तो तपकिरी झालेल्या कर्करोगपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज मोजतो, त्या संख्येला जिवंत कर्करोगपेशींच्या संख्येने भागतो आणि शंभराने गुणतो. मोजायला किमान शंभर जिवंत कर्करोगपेशी हव्यात. त्याच काचेवर आणखीही पाहता येते: टी-पेशी गाठीच्या आत शिरल्या आहेत, की तिच्या पुढे सरकणाऱ्या कडेशी नुसती रांग करून थांबल्या आहेत? पॅरिसमध्ये झेरोम गालों यांच्या गटाने २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दाखवले की या पेशी कोणत्या, किती आणि नेमक्या कुठे आहेत यावरून रोगाची वाटचाल नेहमीच्या टप्प्यांपेक्षाही चांगली सांगता येते. २०१८ मध्ये अनेक देशांतल्या दोन हजारांहून जास्त रुग्णांवर ते पडताळले गेले. ती मोजणी रक्तात होत नाही, गाठीतच होते; आणि माझ्या मते तोंडाच्या कर्करोगाने गिरवायचा धडा हाच आहे. तोंडाच्या गाठीचा तुकडा तर सहज हाती येतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे मेणातले ठोकळे रुग्णालयात वर्षानुवर्षे जपलेलेही असतात.

पण कुठलेही मोजमाप निर्णय बदलणार नसेल तर ते रुग्णाच्या काय कामाचे? असा एक निर्णय मुंबईतच उभा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे, मानेत गाठ हाताला न लागणारे रुग्ण दोन गटांत विभागले होते. एका गटाच्या मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, दुसऱ्या गटात गाठ दिसल्यावरच काढायच्या ठरले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के आणि दुसऱ्यातले ६७.५ टक्के हयात होते. त्या निकालाने जगभरची पद्धत बदलली, आणि ती बदलायलाच हवी होती. पण त्याची दुसरी बाजू अशी की आधीच मान उघडलेल्या रुग्णांपैकी साधारण तीस टक्क्यांच्याच ग्रंथींत लपलेला रोग सापडला. उरलेल्या सत्तर टक्क्यांची मान रोगाशिवायच उघडली गेली. त्या शस्त्रक्रियेत खांद्याकडे जाणारी मज्जारज्जूशी जोडलेली नस ताणली जाते. कित्येकांचा खांदा उतरतो, हात डोक्यावर नेताना दुखतो, केस विंचरणे किंवा फळीवरचा डबा उतरवणे जड जाते. कोणाच्या मानेत रोग लपला आहे हे गालातल्या गाठीच्या तुकड्यावरून आधी सांगता आले, तर हा त्रास पुष्कळांचा वाचेल. लसिका ग्रंथीकडे जाणाऱ्या पेशींना बोलावणारी केमोकाइन आणि त्यांना प्रतिसाद देणारे सीसीआर-७ सारखे ग्राहक याच कारणासाठी महत्त्वाचे आहेत: कर्करोगाची पेशी ग्रंथीपर्यंत पोचायला रोगप्रतिकारक पेशींचीच वाट वापरते. तिथे या प्रथिनांची खरी कसोटी आहे, आणि ती कठोर ठेवावी लागेल, कारण चुकून सुरक्षित म्हटलेल्या एका रुग्णाची किंमत जीव आहे.

काही डॉक्टर म्हणतात, एवढा खर्च कशाला, साध्या सीबीसीतून न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर काढा. ते वाढलेले असले की निकाल वाईट असतो हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. हा मुद्दा मला पटतो. ते गुणोत्तर या प्रथिनांचीच दूरवरून दिसणारी सावली आहे, आणि तालुक्याच्या रुग्णालयातही ते फुकटात मिळते. म्हणून नव्या प्रत्येक प्रथिनाने आधी या साध्या आकड्यापेक्षा जास्त काही सांगून दाखवावे, नाहीतर त्याची गरज नाही. दुसरा मुद्दा असा येतो की वाढलेले प्रथिन औषधाने रोखले तर रोग सुधारेल. इथे सावध राहावे लागते. हृदयरोग्यांवरच्या २०१७ च्या मोठ्या चाचणीत इंटरल्युकिन-१-बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झालेले दिसले, पण तेच औषध फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम दिल्यावर अपेक्षित लाभ झाला नाही. वाईट बातमी सांगणारे प्रथिन रोगाचे कारण असेलच असे नाही. आपल्या रुग्णांसाठी याहून जवळचा प्रश्न दुसरा आहे. टाटा मेमोरियलमध्येच उलटलेल्या किंवा पसरलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात पीडी-१ रोखणारे निव्होलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले गेले, आणि एका वर्षाने हयात असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो. हा निकाल आनंदाचा आहे, पण त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरात गेलेच. ते कोण असतील हे पहिल्या दिवशीच गाठीवरून कळले, तर त्यांच्यासाठी दुसरी वाट वेळेत शोधता येईल.

हा सगळा पैसा तंबाखू सोडवण्यावर आणि तोंडाच्या तपासणीवर खर्च करा, असे कोणी म्हटले तर त्यांच्याशी भांडावेसे वाटत नाही. केरळमधल्या चाचणीने २००५ मध्येच दाखवले की तंबाखू वा दारू घेणाऱ्यांचे तोंड प्रशिक्षित कार्यकर्त्याने नुसते डोळ्यांनी नियमित तपासले तरी त्यांच्यातले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्याहून स्वस्त आणि परिणामकारक काही नाही. पण तंबाखू आज थांबली तरी ज्यांच्या गालात गाठ आधीच आहे ते उद्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतीलच, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणेही आरोग्यव्यवस्थेचेच काम आहे. ते उत्तर परदेशातून आयते येणार नाही, कारण गाल-हिरडीचा हा रोग जगात सर्वांत जास्त आपल्याकडे आहे. त्यासाठी वेगवेगळ्या गावांतल्या रुग्णालयांनी एकाच पद्धतीने नमुने घ्यावे लागतील, कोणते प्रथिन आणि कोणती रेषा हे आधीच लिहून ठेवावे लागेल आणि रुग्णांचा किमान तीन वर्षे पाठपुरावा करावा लागेल. तोपर्यंत एखाद्या खाजगी प्रयोगशाळेने हातात इंटरल्युकिन-६ चा वाढलेला आकडा ठेवला, तर त्यावरून उपचार बदलू नयेत आणि घाबरूनही जाऊ नये. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आजही तेच आहेत: खोली किती होती, कडा किती मिलिमीटर मोकळ्या होत्या, किती ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती रोगग्रस्त निघाल्या. रोग उलटलेला असेल तर त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालता येते: पीडी-एल-१ तपासले आहे का?